करवंटीतली पिवळी

करवंटीला हॅक्सॉनं दार पाडत होतो, तेव्हा आई आठ महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"कुणाचं घर करतूस?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "माशाचं."

"मासा घरात ऱ्हातो व्हय?"

"हा राहतो."

ती आत गेली. मी करवतीनं अंगठा कापून घेतला होता, ते मला ती गेल्यावर कळलं.

अकरा वर्षं झाली या गोष्टीला. बार्शीत स्टँडच्या मागं माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं आणि दुकानाला लागून दोन खोल्या. पुढच्या खोलीत आई दर बुधवारी आणि रविवारी काविळीचं औषध द्यायची. सासूकडून आलेली विद्या. कसलीशी मुळी ती एकटीच माळावर जाऊन खणून आणायची आणि दुधात उगाळून उपाशीपोटी पाजायची. पैसे घ्यायचे नाहीत. पेशंटनं फक्त एक नारळ आणायचा. आमच्या घरात साखर संपायची, चहापत्ती संपायची, नारळ कधी संपला नाही. मला अजून ओल्या खोबऱ्याच्या वासानं मळमळतं. आणि एक नेम होता. दारात आलेल्याला माघारी लावायचं नाही. एकदा जरी लावलं तरी हातचा गुण जातो. सासूनं मरताना तिच्याकडून हा शब्द घेतला होता, आणि तीस वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता.

करवंटीच्या त्या दिवसाच्या आठ महिने आधी वैरागचा शिवलिंग माळगे गेला. आडतीवर पोती उचलणारा धिप्पाड गडी. तीन वेळा येऊन औषध पिऊन गेला. चौथ्या वेळेला त्याची बायको एकटी आली, कपाळ मोकळं घेऊन. भांडायला नव्हती आली. मागच्या वेळी राहिलेला तांब्या परत करायला आली होती. पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं बसलेली. मी त्या सगळ्यांच्या देखत आईला म्हणालो, "तू मारलंस त्याला."

मी दहावी नापास. पण रद्दीतलं हाती लागेल ते वाचून काढलेलं, त्यामुळं गल्लीत माझ्याएवढा शहाणा कोणी नाही अशी माझी खात्री होती. आई त्यावर काही बोलली नाही. त्या दिवशी बोलली नाही आणि नंतरही नाही. ताट वाढायची, कपडे धुवायची, मी समोर आलो की भिंतीकडं बघायची. औषध मात्र बंद केलं नाही. माझं लग्न ठरत नव्हतं, तेही मी तिच्या औषधावर ढकलून मोकळा झालो होतो.

मासा मला सोलापुरात दिसला. तांब्याची तार आणायला गेलो होतो, ऊन चुकवायला बोम्माशेठच्या शोभेच्या माशांच्या दुकानात शिरलो. मोठ्या काचांतून सोनमासे तोंडं उघडत मिटत फिरत होते, त्यांच्याकडं मी बघितलंही नाही. कोपऱ्यात एक बुटकी टाकी होती. चहासारखं तांबूस पाणी, तळाशी वाळकी पानं. त्या पानांतून एक बोटभर मासा बाहेर आला, माझ्यासमोर थांबला आणि पाठीवरचे काटे त्यानं कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे केले. शेपटीत निखारा पेटलेला. एवढासा जीव, आणि मला, पाच फूट आठ इंचाच्या माणसाला, तो सरळ दम देत होता. मी एक पाऊल मागं सरलो. देवाशपथ सरलो.

बोम्माशेठ हसले. म्हणाले हा ड्वार्फ सिक्लिड, बुटक्या जातीचा, लांब दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यांतला. मी म्हटलं जोडी बांधून द्या. त्यांनी दिली नाही.

"आधी पाणी पाळ," म्हणाले. "दीड महिना. नंतर मासा."

मग त्यांनी मला तासभर शाळेतल्या पोरासारखं उभं करून शिकवलं. एक नर, एक मादी, आणि पहिल्यांदाच करतोयस तर त्याहून जास्त नाही. जोडीला सोनमासा टाकू का, विचारलं, तर म्हणाले तो गार पाण्यातला, हा उबेतला, दोघांतला एक मरेल. एंजल मासा? तो उद्या यांची पिल्लं गिळेल. मग तळाला फिरणारा मिशीवाला? त्यावर ते चिडलेच. तळ मादीचा असतो, तिथं दुसरं कोणी खपत नाही. शेवटी पेन्सिल मासे सांगितले, आठ, आणि वरच्या वर फिरणारे. ते का, विचारलं, तर म्हणाले, वरचे निवांत फिरताना दिसले की खालच्यांना धीर येतो. धोका असता तर ते पळाले असते ना.

हे ऐकून मी आलो आणि सगळं अगदी तसंच केलं. अडीच फुटी काचेची टाकी पुढच्या खोलीत ठेवली, कारण एवढं वजन पेलणारा दगडी कट्टा तिथंच होता. बारीक वाळू बादलीतलं पाणी नितळ होईपर्यंत धुतली. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की पातेल्याला पांढरा थर धरतो, म्हणून फिल्टर प्लांटवरून जार आणले आणि त्यात थोडंच बोअरचं मिसळलं. तहसीलच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पानं वेचून आणली आणि मोठ्या पातेल्यात उकळायला ठेवली. आई चुलीपाशी आली, पातेल्यात वाकून तिनं वास घेतला.

"काढा व्हय?"

मी पानं ढवळत राहिलो.

"तुझ्या माशाला चालतु," ती म्हणाली. "माझ्या माणसांना तेवढा चालत न्हाई."

दीड महिना मी रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाणं टाकत होतो. पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव वाढले पाहिजेत, माशाची घाण तेच संपवतात, हे बोम्माशेठनी सांगितलेलं. गल्लीला हे कोण समजावणार? शेजारचा जब्बार मिस्त्री रोज चहाला जाताना खिडकीतून डोकवायचा. गोरखशेठ, मासा दिसत नाही, लाजतोय का? एकदा म्हणाला, लग्नाचं पण असंच करा, आधी दीड महिना रिकामी खाट पाळा. आईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. बुधवार-रविवारचे पेशंटही रिकाम्या पाण्याकडं बघत बसायचे. पिवळे डोळे, सुकलेले ओठ, हातात नारळ. त्यांनीच आणलेल्या एका नारळाची करवंटी आत वाळूत पालथी पडलेली, तिला मी पाडलेलं दार.

मासे आणले त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. नर पिशवीतून सुटला आणि त्यानं चारी कोपरे असे फिरून बघितले की सातबारा त्याच्याच नावावर आहे. मादी त्याच्या निम्मी, राखाडी, मळकी. ती सरळ करवंटीत गेली आणि दोन दिवस बाहेर आली नाही. वर आठ पेन्सिल मासे, सोनेरी रेघांचे, हवेत टांगल्यासारखे. तिसऱ्या दिवशी करवंटीच्या दारातून तिचं डोकं निघालं, तिनं वर बघितलं, मग हळूच बाहेर आली. बोम्माशेठ बोलले तसं. मी टाळी वाजवली. आई दारात उभी होती, ती म्हणाली, "तिनं आधी वर बघितलं." मला तेव्हा वाटलं होतं की हे फक्त मलाच दिसलं.

तीन आठवडे गेले. एका मंगळवारी, दुपारी, मी जेवून टाकीसमोर बसलो. मादी पिवळी पडली होती. साधी पिवळी नाही. हळदीत बुडवून काढावी तशी पिवळीजर्द, अंगावर काळ्या शाईचे डाग. करवंटीच्या दारात ती थरथरत उभी होती आणि खात नव्हती. नर जवळ आला की त्याच्यावर धावून जायची, एवढीशी ती, तो तिच्या दुप्पट, आणि तो पळायचा. त्याची शेपटी फाटलेली.

ज्या घरात तीस वर्षं पिवळं म्हणजे एकच, त्या घरात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आईला जाहीर शिव्या घालणारा, काढ्याला नावं ठेवणारा, वाचून शहाणा झालेला मी, गोरख, माझ्या डोक्यात फक्त एक शब्द आला. कावीळ. बोम्माशेठना फोन लावला, उचलला नाही. मग जाळी घातली. पहिल्या झटक्यात ती सापडली नाही, दुसऱ्यात जाळीवरच धावून आली, चावायला. तिला बादलीत टाकलं. बादलीत मीठ आणि बोम्माशेठनी आजारपणासाठी म्हणून दिलेलं निळं औषध. झाकण लावलं आणि कपाळावरचा घाम पुसला. पेशंटला भरती केल्यासारखं वाटत होतं.

अर्ध्या तासानं आई माळावरून आली. बादली बघितली, रिकामी करवंटी बघितली.

"हितली कुठाय?"

"कावीळ झालीये तिला. औषधात ठेवलीये."

आईनं झाकण काढलं. बादलीवर वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. पेशंटची खालची पापणी ओढून बघताना ती अशीच वाकायची, श्वास धरून.

"कावीळ न्हाई ही," ती म्हणाली.

"डोळ्यांनी दिसतंय ना पिवळी आहे."

"अंग पिवळं हाय. डोळा बघ तिचा. लख्ख हाय. दुखणाईत जनावर कोपरा धरतं, ही कुणावर धावत हुती का?"

मी म्हटलं, नवऱ्यावर.

"आन् घरापासनं लांब गेली का?"

नाही गेली. मी ते शब्दात सांगितलं नाही, पण माझ्या तोंडावर दिसलं असावं. आई टाकीपाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. करवंटीच्या दारात नर तोंड घालून उभा होता. आईनं काचेवर बोट आपटलं, तो हलेना.

"बॅटरी आण," ती म्हणाली. "करवंटीत पोरं हायती तिची."

मी बॅटरी मारली. आतल्या छताला आणि खालच्या वाळूत काहीतरी वळवळत होतं. टाचणीच्या टोकाएवढे जीव, शेपट्या फडफडत असलेले, शंभर असतील, त्यांतले काही नराच्या तोंडासमोरच. मी त्यांच्या आईला काविळीचं औषध पाजत बसलो होतो.

मादीला बादलीतून परत आणताना जाळी आईनंच धरली. पाण्यात सोडल्यावर ती बाजूवर पडली. कल्ले उघडे, हालचाल नाही. मेली, असं मी म्हणणार होतो. आईनं माझ्या मनगटावर हात ठेवला, दहा महिन्यांत पहिल्यांदा, आणि आम्ही दोघं तसेच बसलो.

मग मादी उठली. पिवळा निखाराच जणू, तिरपा, तळाला घासत. नराला तिनं असा झोडपला की तो फिल्टरच्या मागं जाऊन उभा राहिला आणि पुढं दोन दिवस तिथंच होता. एक पेन्सिल मासा खाली आलेला, त्याला तिनं पार वर हाकलला. मग ती करवंटीत शिरली, आणि बॅटरीच्या उजेडात आम्ही बघितलं की तिनं एक पिल्लू तोंडात घेतलं. मग दुसरं. मग चार-पाच एकदम.

"खातीये," मी ओरडलो. "आई, ती खातीये त्यांना."

"गप बस."

ती गाल फुगवून बाहेर आली. नराच्या तोंडाला सापडलेली ती जागा तिनं सोडली, पानांखाली एक खड्डा आधीच उकरून ठेवला होता तिनं, आम्हा दोघांनाही तो दिसला नव्हता, आणि त्या खड्ड्यात तिनं तोंड उघडलं. पिल्लं एकेक करून बाहेर आली, जिवंत, शेपट्या हलवत. ती परत गेली. पुन्हा गाल भरून आली. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. तांदळाच्या दाण्याएवढं ते तोंड, त्यात एक दातसुद्धा न लावता ती आपली शंभर लेकरं वाहत होती, अंगातलं निळं विष अजून उतरलं नसताना. मला रडू आलं. लाज नाही वाटत सांगायला. कुठल्याही देवळात मला असं कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

आईकडं बघितलं. ती पापणी न हलवता बघत होती. हिनं एका नजरेत ओळखलं. मला वाचून, शिकून, समोर बसून जे कळलं नाही, ते हिनं बादलीवर वाकून सांगितलं. आणि हे मनात आलं तसं दुसरंही आलं. मी असा माणूस आहे की तोंडात आलेलं मला गिळता येत नाही.

"एवढं दिसतं तुला," मी म्हणालो. "मग माळग्याचं का नाही दिसलं?"

आईनं काचेवर उडालेलं पाणी पदरानं पुसलं.

"दिसलं हुतं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तिसऱ्या खेपेला आला तवा त्यानं मला नारळ दिला, मग माघारी घेतला, मग परत दिला. कुठं आलाय त्याचं त्याला ठावं नव्हतं. आसलं माणूस मुळीनं उठत न्हाई. मला दिसलं हुतं." मग म्हणाली, "दारात आला हुता. सासूला शब्द दिलता मी."

म्हणजे मी तिला अडाणी समजून शिवी दिली होती, आणि ती आठ महिने गप्प होती ती रागानं नव्हे. मी जे नुसतं तोंडानं बोललो ते तिला आधीपासून माहीत होतं. मी उठलो, बादली मोरीत ओतली आणि बराच वेळ ती विनाकारण घासत बसलो.

दुसऱ्या दिवशी बुधवार. सकाळी सातला पांगरीची पारूबाई सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव मैना, वय वीस-बावीस, आठवा महिना. लिंबासारखी पिवळी. खोलीत आणखी पाच-सहा जण होते, सगळे सरकून बसले. आईनं तिची पापणी ओढली. मग विचारलं, न्याहारी केलीस का. मैना म्हणाली, भाकरी. सासू म्हणाली उपाशी आणलीया की. आईनं पुन्हा तेच विचारलं. मैना हसली, आईकडं बघून म्हणाली, मामी, तुम्ही कधी आलात? आई तिची कोणी लागत नव्हती.

"हात म्होरं कर," आई म्हणाली.

मैनानं हात पुढं केले. पंजे पाखराच्या पंखासारखे लटलट हलत होते.

पारूबाईनं नारळ पुढं धरला. मी उंबऱ्यात उभा होतो. सहाण, मुळी, दुधाचा पेला, सगळं मांडलेलं होतं. आईनं दोन्ही हात पाठीमागं नेले, लहान मूल नेतं तसे.

"नारळ घिऊन जा," ती म्हणाली. "दवाखान्यात जावा. आत्ता."

पारूबाईला कळलंच नाही. ती हसली, म्हणाली, आक्का, काय तरी काय, माझ्या दोन्ही लेकरांना तुमच्याच हातचा गुण आला. आई म्हणाली, हिला येणार नाही. मग पारूबाई पाया पडली. मग रडली. दवाखान्यात नेलेली माणसं कशी परत येतात ते मोजून सांगायला लागली, आणि त्यातलं सगळं काही खोटं नव्हतं. तिथं गरिबाला कुत्र्यासारखं हाकलतात, मीही ते बघितलेलं आहे. शेवटी ती उठली आणि आईच्या तोंडासमोर हात नाचवून म्हणाली, दारातून गरोदर बाई माघारी लावताय, तुमच्या हातचा गुण जाईल आक्का.

"गेला," आई म्हणाली.

खोलीत बसलेल्या पाच-सहा जणांनी एकमेकांकडं बघितलं. एक जण नारळ उचलून हळूच निघूनही गेला. आईनं चपला घातल्या, मला म्हणाली रिक्षा बोलाव, आणि मैनाला काखेत धरून पुढच्या खोलीतून बाहेर घेऊन गेली.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या. मैनाला बघताच त्यांनी धावपळ केली, सलाईन लावलं, सोलापूरला हलवायला गाडी सांगितली. मैना वाचली. पोटातलं वाचलं नाही. ते पुढं चार दिवसांनी. त्या घडीला डॉक्टरीणबाई केसपेपर हातात घेऊन पारूबाईवर ओरडत होत्या. आठवा महिना, इतके दिवस काय करत होता, झाडपाला पाजत होता का, कोणाकडं नेली होती आधी, नाव सांगा.

पारूबाई जमिनीकडं बघत होती. तिनं नाव सांगितलं नसतं. आमच्या घरी एवढं रडली-भांडली, पण इथं तिनं सांगितलं नसतं, एवढं मला समजत होतं. मी आईचा दंड धरला आणि म्हटलं चल, आपलं काम झालं.

आईनं दंड सोडवून घेतला आणि टेबलापाशी गेली.

"माझ्याकडं आणली हुती," ती म्हणाली. "मी देते काविळीचं औषध. हिला दिलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. रागानं काहीतरी बोलणार होत्या, पण समोरची बाई मान खाली घालत नव्हती, हातही जोडत नव्हती. त्यांनी विचारलं, का नाही दिलं? आईनं सांगितलं. ती काय बोलत होती ते, पंजे कसे हलत होते ते, आपले पंजे तसेच हलवून दाखवलं. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाल्या, कावीळ मेंदूपर्यंत गेली की हेच होतं.

"किती वर्षं देताय औषध?"

"तीस."

"आणि असं ओळखून दवाखान्यात किती जणांना पाठवलंत?"

दारापाशी लोक उभे होते. आमच्या गल्लीतलेही दोघं होते. आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"हीच पयली," ती म्हणाली. "हिच्या आधी एक असायला पायजे हुता."